आमचा बोका उंदराला घाबरतो, आणि बाकीची पत्रं

मागच्या अंकात म्हटलं होतं की यावेळी प्राण्यांच्या वागण्याबद्दल विचारा, उपजत काय असतं आणि शिकलेलं काय असतं वगैरे, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळ्याचा नुसता ढीग पडलाय. निम्मी पत्रं कुत्र्यांची आहेत आणि त्यातली बरीच एकाच तक्रारीची, म्हणून त्यातलं एकच घेतलंय, बाकीच्यांनी रागावू नका. काही पत्रं जरा छाटली आहेत.

ताई, आमचा बोका तीन वर्षांचा आहे. महिनाभराचा असताना आणला, तेव्हापासून घरातच आहे, दूधभात आणि पाकिटातलं खाणं खातो. परवा किचनमध्ये उंदीर निघाला तर हा पठ्ठ्या उडी मारून ओट्यावर जाऊन बसला आणि तिथून नुसता बघत राहिला. आई म्हणते हे मांजर बिघडलंय. मांजराला उंदीर मारायला शिकवावं लागतं का? (मिरज)

बिघडलेलं नाहीये हो, त्याचं शिक्षण राहिलंय, आणि ते तुम्ही त्याला आईपासून महिन्यातच उचलून आणलंत म्हणून राहिलंय.

दबकत जाणं, ढुंगण हलवून झेप घेणं, पंजाने दाबणं, मानेला तोंड घालणं, हे सगळे तुकडे पिल्लात आपोआप येतात, तुमचा बोकासुद्धा लोकरीच्या गुंड्यावर नाहीतर तुमच्या पायाच्या अंगठ्यावर हे सगळं करत असणार. पण हे तुकडे नेमके कोणावर वापरायचे आणि शेवटपर्यंत कसे न्यायचे हे आईकडे बघून पक्कं होतं. मांजरी आधी मेलेला उंदीर आणून पिल्लांपुढे टाकते, पिल्लं थोडी मोठी झाली की जिवंत आणते आणि सोडते, सुटला तर परत पकडून आणते. आपल्याला वाटतं खेळतेय, पण तिचा क्लास चालू असतो.

यावर एक जुना आणि फार मजेशीर प्रयोग आहे. झिंग-यांग कुओ नावाच्या चिनी शास्त्रज्ञांनी १९३० मध्ये छापलेला. त्यांनी मांजराच्या पिल्लांचे गट केले. २१ पिल्लं अशा ठिकाणी वाढवली जिथे आई त्यांच्यासमोर उंदीर मारायची, त्यातली १८ पुढे उंदीर मारणारी निघाली. २० पिल्लं एकेकटी वाढवली, त्यातल्या ९ जणांनी मारले, म्हणजे कोणी न दाखवता निम्म्याच्या आसपास पोरांना आपलं आपण जमलं, हेही लक्षात घ्या. आणि १८ पिल्लं लहानपणापासून उंदराच्याच पिंजऱ्यात, उंदराबरोबर वाढवली, त्यातली फक्त ३ मारेकरी झाली. बाकीची आपल्या रूममेटला कशाला मारतील!

तुमचा बोका दुसऱ्या गटातला, वर पोट कायम भरलेलं. आईंना सांगा की पिंजरा लावा.

आमच्या गोदामात धान्य असतं. उंदरांसाठी काळं औषध पिठात कालवून ठेवलं, पहिल्या रात्री दोन मेले, त्यानंतर एकही उंदीर तोंड लावत नाही. पीठ बदललं, गूळ घातला, भजी केली, काही नाही. घरची मोठी माणसं म्हणतात की औषधाचं नाव घेऊन बोलायचं नाही, उंदरांना ऐकू जातं. हसू नका, पण खरंच असं काही आहे का? (बार्शी)

हसत नाहीये, कारण आमच्याकडेही आजी "त्यांचं ते आणलंय का" असंच विचारायची. उंदरांना मराठी कळत नाही, पण त्यांना जे येतं ते त्याहून भारी आहे.

पहिलं म्हणजे उंदीर नवीन वस्तूला भयंकर बिचकतो. रोजच्या वाटेवर नुसती नवी ताटली ठेवलीत तरी एकदोन रात्री लांबून जाईल. हे भय उपजत, कोणी शिकवलेलं नाही. मग कधीतरी धीर करून अगदी चिमूटभर खातो आणि थांबतो. उंदराला उलटी करता येत नाही, शरीराची रचनाच तशी, म्हणजे एकदा पोटात गेलं ते गेलं, त्यामुळे ही चव घेऊन थांबण्याची सवय त्याच्यासाठी जिवाची गोष्ट आहे. तुमचं काळं औषध म्हणजे बहुतेक झिंक फॉस्फाईड, ते भराभर चढतं. ज्याने चिमूटभर खाल्लं तो मरत नाही, पण त्याचं पोट जाम बिघडतं, आणि ती चव तो पुन्हा घेत नाही. शेतकरी याला उंदीर बुजले म्हणतात, अगदी बरोबर शब्द आहे.

आता यातली खरी गंमत. १९६६ साली जॉन गार्सिया आणि त्यांचे सहकारी कोलिंग यांनी अमेरिकेत उंदरांना गोड पाणी प्यायला दिलं, पण असं की उंदराने जीभ लावली की दिवा चमकायचा आणि टकटक आवाज व्हायचा. म्हणजे चव, उजेड, आवाज सगळं एकदम. मग काही उंदरांना आजारी पाडलं, मळमळ होईल असं, आणि काहींना पायाला विजेचा हलका शॉक दिला. नंतर बघितलं कोण कशाला घाबरतंय, तर आजारी पडलेल्यांनी गोड चव सोडली पण उजेड-आवाजाचं त्यांना काहीच वाटेना, आणि शॉक खाल्लेले उजेड-आवाजाला दचकायला लागले पण गोड पाणी मजेत प्यायचे. बघा, शिकले दोघंही, पण पोट बिघडलं तर खाण्याला दोष द्यायचा आणि कातडीला चटका बसला तर डोळ्याकानाला जे कळलं त्याला दोष द्यायचा, ही वाटणी आधीच करून ठेवलेली होती. शिवाय खाणं आणि मळमळ यात काही तासांचं अंतर असलं तरी उंदीर बरोबर जोडतो. तेव्हाच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की कुठलीही गोष्ट कशालाही जोडून शिकवता येते आणि मधे काही सेकंदांहून जास्त वेळ गेला तर शिकणं होतच नाही, त्यामुळे गार्सियांवर कोणी पटकन विश्वास ठेवला नाही, त्यांचे पेपर परत यायचे. गोदामवाल्याला विचारलं असतं तर त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं असतं!

आणि हे एकट्याचं राहत नाही. उंदीर एकमेकांच्या तोंडाचा वास घेतात आणि ज्याचा वास दुसऱ्याच्या श्वासाला येतो ते खाणं पसंत करतात, पिल्लांना तर आईच्या दुधातूनच कळतं की आपल्या घरात काय खातात. म्हणून तुमच्या पिठाला कोणी विचारत नाही, घराघरात तो पदार्थच नाहीये.

करायचं काय, तर आधी दोनतीन रात्री त्याच ताटलीत, त्याच जागी नुसतं साधं धान्य ठेवायचं, त्यांची भीड चेपली की मग औषधाचं, आणि एकदा बुजले की तेच औषध लगेच परत आणायचं नाही. ब्रोमाडिओलोनसारखी औषधं इथे कामाला येतात, ती रक्त गोठू देत नाहीत, उंदीर काही दिवसांनी मरतो, तोवर कशाने हे त्याला जोडता येत नाही. पण गोदामात मांजर, कुत्रं, लहान मुलं येत असतील तर यातलं काहीच उघड्यावर ठेवू नका, पाकिटावरचं नीट वाचा, आणि शक्य असेल तर आधी भिंतीची भोकं बुजवा, ते काम कोणालाच नको असतं.

आमच्या समोरच्या झाडावर कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू वाढतंय, कावळी त्याला भरवते. हे पिल्लू कावळ्यांतच वाढलं तर ते काव काव का करत नाही? आणि आपण कोकिळा आहोत हे त्याला कळतं कसं? (डोंबिवली)

आधी एक छोटी दुरुस्ती, कुहू कुहू करतो तो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, ती असं गात नाही. कवींनी दोनशे वेळा उलटं लिहिलंय, जाऊ दे.

पक्ष्यांमध्ये गाण्याच्या बाबतीत सरळ दोन घराणी आहेत. चिमण्या, बुलबुल, दयाळ हे एक घराणं, यांना गाणं ऐकून शिकावं लागतं. १९५० च्या दशकात केंब्रिजला थॉर्प नावाच्या शास्त्रज्ञांनी चाफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्लं एकेकटी वाढवली, तर मोठेपणी ती काहीतरी ओबडधोबड गायली, लांबी साधारण बरोबर पण नक्षी गायब. पीटर मार्लर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या चिमण्यांचा अभ्यास केला तर थोड्या थोड्या अंतरावर वेगळी बोली, आपल्याकडे सांगली-कोल्हापूर बदलतं तशी. आणि त्यात मेख अशी की त्या पिल्लांना दोन जातींची गाणी ऐकवली तर ती आपल्याच जातीचं उचलतात. म्हणजे शिकायचं आहे, पण कोणाकडून ते ठरलेलं.

कोकिळ दुसऱ्या घराण्यातला. त्याचं गाणं तो जन्मताना घेऊनच येतो, गुरू लागत नाही. आणि तसंच असायला पाहिजे ना, जो कायम परक्याच्या घरात वाढणार त्याला ऐकून शिकायची सोय ठेवली असती तर एका पिढीत सगळे कोकिळ कावळे झाले असते.

आपण कोण हे कसं कळतं, हा जास्त अवघड प्रश्न. अमेरिकेत काउबर्ड नावाचा असाच दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारा पक्षी आहे, त्याचं पिल्लू अगदी लहान असल्यापासून आपल्या जातीचा एक विशिष्ट कलकलाट ऐकला की लक्ष देतं, बाकी कुठल्या आवाजाला तसं नाही. तो आवाज म्हणजे पासवर्ड. पासवर्ड उपजत, आणि मग ज्याच्याकडून तो आवाज आला त्याच्याकडे बघून पुढचं शिकायचं. तुमच्या झाडावर अजून एकदोन आठवडे लक्ष ठेवा, पिल्लू उडायला लागलं तरी कावळी मागे मागे भरवत फिरते, फोटो मिळाला तर पाठवा.

मी बारावीला आहे. प्रोजेक्टसाठी हवंय, प्राण्यांचं वागणं किती टक्के उपजत आणि किती टक्के शिकलेलं असतं? प्लीज नक्की आकडा द्या. (नाशिक)

बाळा, भाकरीची चव किती टक्के पिठामुळे आणि किती टक्के तव्यामुळे, हे आईला विचार आणि तिचा आकडा आला की मला कळव. आकडा देत नाही, त्याऐवजी प्रोजेक्टमध्ये टाकायला एक झकास प्रयोग देते.

आपल्याकडे हिवाळ्यात भोरड्या येतात, गुलाबी पोटाच्या, ज्वारीवर टोळ्या पडतात त्या. त्यांचे युरोपातले भाऊबंद म्हणजे स्टार्लिंग. हे पक्षी शरद ऋतूत बाल्टिक समुद्राच्या बाजूने हॉलंडवरून नैऋत्येकडे जातात आणि थंडी उत्तर फ्रान्स, दक्षिण इंग्लंडकडे काढतात. पेर्डेक नावाच्या डच शास्त्रज्ञांनी हेगजवळ असे हजारो पक्षी पकडले, पायात कडी घातली, विमानाने थेट स्वित्झर्लंडला नेले आणि सोडून दिले. १९५८ साली त्यांनी निकाल छापला. जे वयस्क पक्षी होते, एकदोन वर्षं हा प्रवास केलेले, ते वळले आणि नेहमीच्या ठिकाणाकडे वायव्येला गेले. आणि त्याच वर्षी जन्मलेली पोरं सरळ नैऋत्येकडे उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स नाहीतर स्पेनमध्ये जाऊन पोचली. म्हणजे पोरांना दिशा उपजत होती, अंतरही साधारण उपजत होतं, पण "मी आत्ता कुठे आहे" हे कळत नव्हतं, ते एकदा जाऊन आल्यावरच येतं. आणि स्पेनला पोचलेल्यांतली काही पोरं पुढच्या वर्षीही स्पेनलाच गेली, कारण आता ते त्यांचं माहितीचं गाव झालं होतं. यात टक्के कुठे लावणार सांग, चाळीस टक्के नैऋत्य?

लहानपणी दारात नंदीबैल यायचा, मालक गुबुगुबु वाजवत विचारायचा "पाऊस पडेल का? पोरगं पास होईल का?" आणि बैल मान हलवायचा. नातवाला सांगितलं तर तो म्हणतो बैलाला भाषा कळत असणार, युट्यूबवर कुत्रे बटण दाबून बोलतात तसं. काय सांगू? (पुणे)

नातवाला बर्लिनच्या घोड्याची गोष्ट सांगा.

१९०० च्या पुढेमागे बर्लिनमध्ये फॉन ऑस्टन नावाचे एक निवृत्त गणिताचे मास्तर होते, त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं करून शिकवलं. हान्स बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, तारीख, सगळं खूर आपटून सांगायचा. मास्तर एक पैसा घेत नव्हते, तेव्हा फसवणूक म्हणावी तर तसंही नाही. १९०४ मध्ये कमिटी बसली, त्यात सर्कसवालेसुद्धा होते, त्यांनाही काही लबाडी सापडली नाही. मग ओस्कर फुंग्स्ट नावाच्या माणसाने शांतपणे एकेक गोष्ट बदलून बघितली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर? हान्स चुकला. विचारणारा दिसूच नये म्हणून मोठी झापडं लावली तर? हान्स चुकला. शेवटी सापडलं ते असं, की प्रश्न विचारला की माणूस नकळत जरा पुढे वाकून खुराकडे बघतो, आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं केसभर वर उचललं जातं, मास्तरांनाही पत्ता नाही. हान्स तेवढं बघून थांबायचा. फुंग्स्टना हे सगळं कळल्यावरही स्वतःचं डोकं स्थिर ठेवणं अवघड गेलं, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

म्हणजे घोड्याला गणित येत नव्हतं पण माणूस वाचता येत होता. कळपात राहणाऱ्या जनावराला दुसऱ्याची हालचाल टिपणं हे उपजतच लागतं, शेजारच्याची मान ताठ झाली म्हणजे पळायचं. मास्तरांनी त्याच्यावर गाजर आणि साखरेचा खडा ठेवला इतकंच. नंदीबैलवाले मास्तरांपेक्षा हुशार, त्यांना आपण काय करतोय ते पक्कं माहीत असतं. मी लहानपणी एकदा मुद्दाम मालकाच्या बाजूला उभी राहून बघत होते, प्रश्न संपताना वाद्याचा सूर बदलायचा आणि हातातली दोरी बोटभर हलायची, की मान डोलली. मी ओरडून सांगणार होते पण आजीने सुपातलं धान्य घालायला मला पुढे ढकललं.

बटणवाल्या कुत्र्यांबद्दल म्हणाल तर नातवाला एकच विचारायला सांगा, व्हिडिओत मालक कुठे उभा आहे?

दिवाळीत आमची लॅब्रेडॉर पलंगाखाली जाऊन थरथरते, दरवर्षी वाढतच चाललंय. सवय होईल असं सगळे म्हणतात. (ठाणे)

आपोआप होणार नाही. हलका आवाज सारखा कानावर पडला तर सवय होते, पण जिवाची भीती वाटेल एवढा मोठा झाला की दरवेळी उलट भीती घट्ट होते, मग माचिसची काडी ओढल्याचा आवाजसुद्धा पुरतो. फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून त्याच वेळी तिचं आवडतं खाणं द्या, दर काही दिवसांनी आवाज किंचित वाढवा, कान मागे पडले की परत कमी. याला महिने लागतात. गणपतीआधी सुरू केलं तर काही उपयोग, वसुबारसेला सुरू करून नाही. आणि प्रत्यक्ष दिवाळीत तिला पलंगाखालून ओढून काढू नका, जवळ बसा, लाड केल्याने भीती वाढत नाही. फार त्रास असेल तर व्हेटकडे औषध मिळतं.

आमच्या ट्यूबलाईटच्या पट्टीवर माशीने मातीचा छोटा घडा केलाय. आत जिवंत अळ्या कोंबताना बघितली. सासूबाई म्हणतात माशी गुणगुणत राहते आणि अळीची माशी होते, कीर्तनात ऐकलंय. फोडू की ठेवू? (सातारा)

सासूबाईंनी ऐकलं ते बरोबर ऐकलं, भृंगी आणि कीटकाचा हा दृष्टांत फार जुना आहे, ध्यास घेतला की तेच होऊन जातं म्हणून. लोकांनी बघितलंही बरोबर होतं, आत अळी गेली आणि बाहेर माशी आली, मधलं काय ते दिसलं नाही.

मधलं असं. ही कुंभारीण आधी घडा करते, आत छताला बारीक दोऱ्याने एक अंडं टांगते, मग हिरव्या अळ्या शोधून त्यांना डंख करते, जिवे मारत नाही, फक्त लुळं करते म्हणजे कुजणार नाहीत, आणि एकेक आत भरून तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेलं पोर या ताज्या साठ्यावर वाढतं. आईची आणि त्याची भेट कधीच होत नाही. तरी त्यातून निघालेली मादी असाच घडा करते, तशाच गळ्याचा, तसाच अळीला डंख मारते. बोक्याला जे आईने शिकवायचं राहिलं ते हिला कोणीच शिकवत नाही.

पण तीही सगळं घेऊन येत नाही. ट्यूबलाईट तुमच्या घरात कुठे आहे हे तिच्या जन्मात कोण लिहून ठेवणार? हिच्या जमिनीत बीळ करणाऱ्या एका लांबच्या चुलत बहिणीवर टिनबर्गन नावाच्या डच शास्त्रज्ञांनी हॉलंडच्या वाळूत प्रयोग केला होता. बिळाभोवती पाइनची बोंडं गोल मांडली, माशी बाहेर पडताना वर घिरट्या घालून बघून गेली, ती गेल्यावर बोंडांचं कडं एका बाजूला सरकवलं. माशी शिकार घेऊन परत आली ती सरळ कड्याच्या मधोमध उतरली, बीळ शेजारीच होतं तरी. म्हणजे घर कसं बांधायचं ते उपजत, घर कुठे आहे ते मात्र दरवेळी शिकायचं. तुमची कुंभारीण सुरुवातीला दिव्याभोवती उगाच गिरक्या घेते असं वाटलं असेल, ती पत्ता पाठ करत असते. तेवढ्यात तुम्ही पडदा बदललात किंवा कॅलेंडर हलवलंत तर गोंधळते बिचारी.

फोडू नका. उगाच कोणाला चावायला येत नाही, हातात धरली तरच. घड्याला बाजूने गोल भोक पडलेलं दिसलं की समजा पोर उडून गेलं, मग खुशाल काढा आणि सासूबाईंना तो घडा आतून दाखवा, तळाशी अळ्यांच्या कातड्यांचे तुकडे सापडतील.